घरी न आलेला सूर

उभं का, बसा की — त्या गादीवर बसा, साड्या सरकवा तिकडं, काय होत न्हाय त्यास्नी. पुण्यास्नं एवढ्या लांब आलासा, च्या घेतल्याबिगर सोडायची न्हाय मी. पर ते तुमचं — आमच्या ह्यास्नी स्टेजवर बसवायचं म्हणतासा न्हवं — ते काय व्हायचं न्हाय. मागं साडीचा माग चाललेला ऐकू येतोय न्हवं, तितं बसल्यात ते. मी बोलवायला गेले तर म्हणतील गिऱ्हाईक तू बघ. आणि तुमी गिऱ्हाईक न्हवं, हे कळलं तर उठून मागच्या दारानं वडगावकडं जातील निघून. परवा एक हुबळीचा माणूस आलता, तेव्हा तसंच केलं. नागेंद्र कुटं हायत, नागेंद्र कुटं हायत — त्यो विचारतोय, आणि मी आपली रिकाम्या मागाकडं बघत उभी.

व्हय, ह्यांच्या वाजवण्याच्या त्या व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिवलंय ते ठाऊक हाय मला. आमची पोरगी सौम्या कॉलेजला हाय, तिनं समदं वाचून दाखवलं, इंग्लिशमधलं बी. कोण म्हणतंय बोटं न्हवं ही, वीज हाय. कोण म्हणतंय भांड्याचं कपाट पडल्यागत वाटतंय. एकजण म्हणतोय जगात असा जॅझचा बेंजो कुणी वाजवत न्हाय, दुसरा म्हणतोय नुसती पळापळ, जीव न्हाय त्यात. मग ती दोघं एकमेकांच्या आई-बापावर गेल्यात — आमच्या ह्यांच्यापायी. ह्यास्नी वळखत बी न्हाईत. पयल्या पयल्यांदा मी बी भांडले, सांगते तुमास्नी. हितं बसून, मोबाईलवर. तुमाला काय कळतंय, या म्हटलं शहापूरला, वाजवून दाखवा म्हटलं. भाताला पाणी ठेवलेलं आटून जायचं.

तसं ते नवीन न्हाय ओ. गल्लीत बी दोन पार्ट्या हैतच. पयलं हे गणपतीच्या मिरवणुकीत वाजवायचे — ते बटणांचं असतंय बघा, गळ्यात अडकवून, बेंजो पार्टीतलं. लोक नाचायचे, कुणाची तक्रार न्हवती. मग त्या मिरवणुकीतच मिंगेल सरांनी बघितलं ह्यास्नी. सर गोव्याचे, उभा जन्म हॉटेलातनं वाजवलेला, म्हातारपणी हितं कॅम्पात घर करून राहिलते. ह्यास्नी बोलवलं आणि आपला बेंजो हातात दिला — खरा, गोल, डफाला दांडा लावल्यागत, चार तारांचा. म्हणाले मिरवणुकीत तू पळतोस, पर कुटं पळतोस ते तुला ठाऊक न्हाय, ये, शिकवतो. आणि शिकवलं की. रविवार आला की हे सायकलवर कॅम्पात. सर सांगायचे, पयलं लोकांना घर दाखवायचं — म्हंजे गाण्याचा मूळ सूर, साधा, जसा हाय तसा. मग हिंडायला जायचं. लांब जा, ओढ्याला जा, डोंगरावर जा, वाट चुकल्यागत कर — पर शेवटाला घरात यायचं. घरात आलं न्हाय तर त्याला जॅझ म्हणत न्हाईत, त्याला पळून गेला म्हणतात. हे येऊन मला सांगायचे जेवताना. मला काय कळायचं — पर कळायचं बी. तुमी हसतासा, पर रोज ऐकलं की कानाला कळतंय ओ, तोंडाला सांगता येत न्हाय एवढंच.

तर गल्लीतली तरणी पोरं दारात येऊन बसायची ऐकायला. आणि समोरचा आण्णाप्पा — त्याचा बी मागच हाय — त्यो खिडकी आपटायचा. म्हणायचा, नाग्या, वाजवतोस का कुणाशी भांडतोस? हे हसायचे. खरं सांगू, मला न्हाय हसू यायचं. आण्णाप्पानं खिडकी आपटली की माझं तोंड एवढंएवढं व्हायचं. नळावर बायका विचारायच्या, काय गं राजेश्वरी, तुझ्या नवऱ्याला रातीबेराती कसलं येड लागलंय? मिरवणुकीत वाजवत होते तेव्हा ह्याच बायका वळखीनं बोलायच्या. मग मला वाटायचं एकदा — एकदाच — मोठ्या लोकांनी ह्यास्नी वा म्हणावं, सुटाबुटातल्या, कळणाऱ्या लोकांनी. आणि ते ह्या समद्यांनी बघावं. एवढंच वाटायचं. ह्यात वंगाळ काय हाय, सांगा.

घ्या, च्या घ्या. साखर जास्त झाली व्हय? आमच्याकडं तसाच असतोय.

सर गेले पावसाळ्याच्या तोंडाला. ह्येंनी दोन दिस माग बंद ठेवला, बापासाठी ठेवावा तसा. महिन्याचं मिस्सा, म्हंजे त्येंची चर्चमधली प्रार्थना, झालं, मग घराच्या अंगणात बसायचं ठरलं, सरांची समदी दोस्त मंडळी येणार, वाजवणारी — गोव्याची, हुबळीची, एकजण बेंगळूरचा. फिलोमेना बाईंनी, म्हंजे सरांच्या बायकोनं, ह्यास्नी आत बोलवलं. मी होते संगट. बाई खुर्चीत बसलेल्या, पांढरीफट्ट साडी न्हाय हं त्यांच्यात, काळा झगा. म्हणाल्या, बेटा, एकच वाजव. मिंगेल झाडांना पाणी घालताना गुणगुणायचा ते. त्याला नाव न्हवतं काय न्हवतं, चार ओळींचा सूर, त्यानंच कधीतरी केलेला. बाईंनी गुणगुणून दाखवला — आवाज फाटका, पर सूर सरळ. म्हणाल्या, महिना झाला, घरात कुणी गुणगुणलं न्हाय. हे म्हणाले, व्हय बाई. पाया पडले.

आणि बाहेर आले तर म्होरं ती समदी माणसं. एका हातात तीन अंगठ्या घातलेला एक, डोळे मिटून बसलेला एक — सरांनी ज्यांची नावं घेतलेली, ती. कुजबुज चाललेली की हाच काय त्यो मिंगेलचा विणकर. ह्येंनी तारा परत परत जुळवल्या. मला वाटलं भ्यालेत. पयल्यांदा सूर वाजवला, बाईंनी सांगितला तसा — दोन ओळी. दोनच. तिसऱ्या ओळीला सुटले ते. असं काय वाजवलं, दादा — तुमी बघितलंयसा, मी काय सांगू. त्यो अंगठीवाला उठून उभा राहिला. लोक मांडीवर थापा मारायला लागले, ओरडायला लागले. हे खाली बघून वाजवतायत, घाम नाकावरनं टपटप गळतोय, ओढ्याला गेले, डोंगरावर गेले, त्याच्या बी पलीकडं गेले. आणि तितंच थांबले. एकदम. तोफ उडावी तसं. लोक काय टाळ्या वाजवाय लागले — बराच येळ थांबेनात. अंगठीवाल्यानं मिठी मारली.

बाई उठल्या. हात जोडले, थँक्यू बेटा म्हणाल्या, आणि आत गेल्या. टाळ्यांत कुणाला दिसलं न्हाय.

घरला येताना हे सायकल हातात धरून चालत आले माझ्या संगट, आनंदानं. विचारलं कसं झालं — मी म्हटलं लोक येडे झालते. मग विचारलं बाई काय म्हणाल्या, तू शेजारी होतीस न्हवं? मी म्हटलं, रडत होत्या, लई आवडलं त्यास्नी. रडत होत्या हे खरं हाय.

मग दोन-तीन दिसांनी हे गेलते कॅम्पात, बाईंच्या औषधाचं काय हवं नको बघायला. परत आले. जेवायला बसले आणि ताटावर हात तसाच. बाई रागावल्या न्हवत्या ओ — तशा असत्या तर बरं झालं असतं. बाई हसून म्हणाल्या म्हणं, मिंगेलला लई कौतुक वाटलं असतं तुझं, आणि मग म्हणाल्या, मी आपली वाट बघत होते. एवढंच. मी आपली वाट बघत होते. हे मला म्हणाले, सूर मी घरी आणलाच न्हाय गं. म्हाताऱ्या बाईनं एक मागितलेलं, तेवढं बी मी दिलं न्हाय, त्या मंडळींना दाखवत बसलो. म्हटलं, मग जावा आता, एकटीम्होरं वाजवा की. तर गेले बी. बेंजो घेऊन गेले. पर बाईंच्या बहिणीनं त्यास्नी म्हापशाला नेलेलं, घराला कुलूप. पायरीवर बसून वाजवून बघितला म्हणं, कुलपाम्होरंच — तर तिसऱ्या ओळीला बोटं आपोआप पळायला लागली. तेव्हापास्नं हात लावला न्हाय. गणपतीत बी न्हाय गेले. पार्टीवाले रागावून दुसरा माणूस बघाय लागलेत. आता आण्णाप्पा सुद्धा येऊन विचारतोय, नाग्याला बरं न्हाय काय? त्यो खिडकी उघडी ठेवतोय, बघा. आणि हे लोकांच्या शिव्या सौम्याकडनं वाचून घेतात आणि म्हणतात, बरोबर हाय त्येंचं. बरोबर कसलं बरोबर — शिव्या देणाऱ्यांना बी काय कळलंय, आणि वा वा करणाऱ्यांना बी काय. तितं काय झालं ते त्या व्हिडिओत हायच कुटं.

कसं म्हंजे — सुरुवातीचं कापलंय न्हवं. बाई गुणगुणून दाखवतात ते. आत घेतलेलं ते बी होतं त्यात. म्हटलं म्हातारीचं फाटकं गाणं कोण ऐकत बसणार, लोक सरकून जातात म्होरं. कुणी कापलं — कुणी म्हंजे —

तुमी तर मूळ शोधत आलासा, दादा. बाकी लोकांनी आपापल्या नावानं टाकलंय फिरवून, ह्यास्नी तेच ठाऊक हाय, त्यास्नी वाटतंय कुणीतरी गोव्याच्या माणसानं टाकलं असंल. पर तुमी हितं आलासा म्हंजे तुमाला पयलं ते साडीच्या पेजवर दिसलं. त्यो पेज माझा. नव्या साडीचे व्हिडिओ टाकते मी त्याच्यावर. साडीखाली हे टाकलं. नळावरच्या बायका त्यो पेज बघतात ओ, म्हणून.

सूर आला न्हाय हे मला कळलं न्हाय, असंच सांगितलं मी ह्यास्नी. त्येंनी विचारलं होतं — तू बाईंच्या शेजारी होतीस, तुला कसं ध्यानात आलं न्हाय, परत फिरायची खूण तरी करायचीस, मी तुझ्याकडं बघत होतो की. मी म्हटलं मला त्यातलं काय कळतंय.

हे लांब गेले ना, डोंगरावर — तेव्हा बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. गार हात. आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, आतां येतलो. त्येंच्या कोकणीत तसं म्हणतात, आता येईल. मी बी कान लावला. खरंच वाटलं, आता येईल. परत म्हणाल्या, आतां येतलो. लहान पोरीगत. सूर येईल म्हणत होत्या का आणि कोण येईल, देवाला ठाऊक. माझ्या ह्या हातात मोबाईल होता, दादा, मीच व्हिडिओ घेत होते. त्यांच्या हातानं त्यो हालत होता. म्होरं अंगठीवाला उठून उभा राहिलेला, ते नेमकं घ्यायचं होतं मला. मी बाईंचा हात उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. जोरात न्हाय. पर ठेवला. आणि ह्येंनी त्याच येळेला मान वर करून माझ्याकडं बघितलं — मी खूण केली. व्हय, केली मी खूण. अजून, अजून, म्हणून केली.

बाईंनी त्यो हात आपल्याच दुसऱ्या हातात धरून ठेवला.

कुणाला सांगितलं न्हवतं हे. तुमाला का सांगितलं काय की. तुमी नुसतं ऐकत बसलासा, मधी बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यो स्टेजच्या कार्यक्रमाचा कागद ठेवा तुमचा खिशात. सही न्हाय, नंबर न्हाय, ह्यांचा फोटो बी न्हाय. माझ्या पेजवरनं आता मी त्यो व्हिडिओ काढून टाकते, तुमच्यासमोरच — लोक आपसात काय भांडायचं ते भांडू देत —

थांबा. माग थांबला बघा.

तुमी या आता, दादा. व्हय, म्होरच्याच दारानं, चप्पल तितं हाय. राग मानू नका. ते यायलेत, आणि मला त्यास्नी त्या खुणेचं सांगायचंय, ते परक्या माणसाम्होरं त्येंच्या तोंडावर निघायचं न्हाय. जावा. दार वडून घ्या जाताना.