माझं अळणी हाय

न्हाई हो, न्हाई, ती आमटी मला वाढू नका! मीठबी नको पानात... माझं अळणी हाय. आजारी न्हाई, देवाच्या दयेनं धडधाकट हाय! पण आता विचारलंच हाय तर जेवता जेवता ऐका.

तुम्हाला सांगते, लगीन होऊन खुटबावला आले तवापासून माझ्या हाताला मीठच सापडंना. आज खारट, उद्या अळणी! तुम्ही म्हणाल, चाखून बघावं. कवा चाखू? सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार संतोषीमातेचा, शनिवार मारुतीचा, मधी चतुर्थी, मधी एकादशी, आन् उरल्या दिवशी देवाच्या आधी जिभेला लावायचं न्हाई. निवद दाखवून होतोय तोवर ह्यांची दौंडची गाडी शिट्टी मारतीय! हे रेल्वेच्या शेडात कामाला, डबा काखेत मारून पळायचं. म्हंजी बघा, चाखायचं न्हाई आन् चुकायचं न्हाई... कसं जमावं?

बरं, ह्यांना विचारावं, "अवं, खारट झालं व्हतं का अळणी?" तर मान खाली घालून, "ठीक हाय." अर्धा डबा परत, आन् ठीक हाय! मग मी आपली तांब्याकडं बघायची. आल्या आल्या घटाघटा पाणी प्याले, की समजायचं खारट. भाकरीसंगं लोणचं मागितलं, की अळणी.

आन् एक दिवस पायात चपला सरकवता सरकवता म्हणाले, "पुढल्या महिन्यापासनं डबा राहू दे. कँटीनात खाईन. तुला तरी कशाला पहाटं तरास?"

तरास! ओरडले असते तर बरं वाटलं असतं हो! एवढ्या देवांना माझ्या हातचं चालतंय, आन् ह्यांना कँटीन?

तशीच उठले, भैरोबाला गेले, नारळ फोडला आन् बोलून बसले, "देवा, ह्यांनी आपणहून जेवण चांगलं म्हणेपातूर मी मीठ खाणार न्हाई!" लई समाधान वाटलं. घरी आले, चुलीपुढं बसले, डाळ उकळाया लागली... आन् मग डोक्यात उजेड पडला. अगं बाई! आता तर उपास नसला तरी चाखता येईना! चाखायचं न्हाई आन् चुकायचं न्हाई, आन् हे मी माझ्याच तोंडानं मागून घेतलं!

मग आत्याबाईंना म्हणलं, तुम्ही चाखा. आमच्या सासूबाई, दगडाबाई, मशेरी लावून लावून त्यांच्या जिभेला काय कळंना. "मीठ न्हाई गं यात! आमी कवा चाखलं? हात बोलतो, हात!" घातलं मीठ, हे रात्री तांब्या खाली ठेवीनात. मग शेजारच्या कस्तुराबाईला बोलावलं. तिला न्यायची असायची साखर, ती वाटी तोंडाला लागायच्या आधीच, "झ्याक झालंय गं चांगुणा!" रेडिओ लावला, तर त्यातली सैपाक शिकवणारी बाई गोड आवाजात सांगतीय, "मीठ चवीनुसार." चवीनुसार म्हणे! कुणाच्या चवीनुसार, ओ बाई?

शेवटी देवघरात बसले असताना आचमनाच्या पळीवर नजर गेली. रोज तीच पळी, रोज तेवढंच पाणी, कमी न्हाई का जास्ती न्हाई... म्हणलं, हीच! डाळीला वाटी ठरवली, मिठाला पळी. आत्याबाई कडाडल्या, "देवाची पळी मिठात?" म्हणलं, "आत्याबाई, देवाच्याच नवसाला लावलीया." भरून घातली, ह्यांनी पाणी मागितलं. अर्धी घातली, लोणचं मागितलं. त्याच्या मधी आले... आन् त्या दिवशी ह्यांनी पाणीबी मागितलं न्हाई आन् लोणचंबी न्हाई! डबा उघडला, तर बोटानं पुसलेला!

हात धुता धुता हे म्हणाले, "आज डबा चांगला व्हता. आईनं केला व्हता का?"

ओसरीवरनं आत्याबाई, "मग! हात बोलतो!"

बोलू दे. देवाला मी 'चांगलं म्हणेपातूर' बोलले व्हते, कुणाचं नाव घेऊन ते कुठं बोलले व्हते? कँटीनचं नाव परत निघालं न्हाई. नवस फिटला! पळी घासली, देवघरात ठेवली. आता मी चाखायला मोकळी!

मंगळवार व्हता, कसला उपास न्हाई. लवकर उठले, निवद दाखवला, आन् आमटी जिभेवर टाकली... आई गं! नुसतं मीठ! इतके दिवस अळणी खाऊन जीभ अशी झालेली, की चिमूटबी सोसंना. म्हणलं, असलं खायला घालत व्हते मी माणसाला? ओतलं तांब्याभर पाणी. दुसऱ्या दिवशी मीठच कमी घातलं. चाखलं, तरीबी खारटच! तिसऱ्या दिवशी त्याहून कमी.

डबा परत... अर्धा. संध्याकाळी ह्यांनी लोणचं मागितलं, आन् लई मायेनं विचारलं, "काय गं, आईला बरं न्हाई का?"

घ्या! चाखत नव्हते तवा चुकत नव्हते, चाखाया लागले आन् चुकाया लागले!

काय करता? सकाळी भैरोबाला गेले, मीठ पुन्हा सोडलं, पळी पुन्हा मिठाच्या बरणीत. डबा पुसून येतोय, आत्याबाईंचं नाव होतंय. म्हणून म्हणते, आमटी नको... भातावर तूप तेवढं सोडा. थांबा, थांबा, आमटीत पळी किती घातली, ते सांगून जा!