वरचं गिऱ्हाईक खाली कसं गेलं

गिऱ्हाईक माझं होतं. आधी एवढं बोलून घेते, मग नमस्कार करते. ते जोडपं घर बघायला तिसऱ्या मजल्यावर आलं होतं, माझ्या कोचावर बसलं होतं, माझ्या गॅलरीतून त्यांनी रस्ता बघितला होता. आणि घेतलं काय, तर तळमजल्यावरचं, माझ्या धाकट्या जावेचं घर. आज फुलांचा गुच्छ तिच्या हातात आहे आणि माझ्या हातात माईक. आमच्या दोघींत वाटणी नेहमी अशीच झालेली आहे.

आता रीतसर. आजच्या सभेचे अध्यक्ष, पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य. या इमारतीतली निम्मी घरं ज्यांनी विकून दिली आणि निम्मी नुसतीच दाखवली, ते आजचे प्रमुख पाहुणे, घरांचे दलाल. सत्कारमूर्ती, म्हणजे धाकटी. समोर बसलेले सगळे शेजारी, आणि मागच्या रांगेत बसून बिस्किटांच्या ताटाकडे डोळे लावलेली मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्ष मला म्हणाले, "आजी, निरोपाचं बोलाच, पण घर घेण्या-विकण्याबद्दल लोकांच्या उपयोगी पडेल असंही काही सांगा." मी चौथी शिकलेली बाई. जन्मात एक घर घेतलं आणि एक विकायला काढलंय, तेही अजून गेलेलं नाही. तरी मलाच उभं केलं, कारण जिला हे काम जमलं ती बोलायला उठली की रडते. मी रडत नाही, म्हणून भाषणं माझ्याकडे.

घेण्याचं आधी सांगते. एकतीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी जावा एकाच दिवशी ही इमारत बघायला आलो. दोन घरं उरली होती, एक तळमजल्यावर आणि एक तिसऱ्यावर. थोरली म्हणून पहिली निवड माझी. मी वर गेले, गॅलरीत उभी राहिले, वारा लागला, उजेड दिसला, म्हटलं हे माझं. खाली येऊन धाकटीला म्हणाले, "तू बस आता येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला मोजत." ती म्हणाली, "मोजीन की जाऊबाई. तुमच्या पहिल्या ओळखीन."

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. त्रेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांनी घर पसंत केलं आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे ते फेडतायत. चोपन्न पायऱ्या आहेत. म्हणून सांगते, घर बघायला जाताना दोन्ही हातांत भाजीच्या भरलेल्या पिशव्या घेऊन जा. रिकाम्या हातांनी कुठलाही जिना सोपाच वाटतो. एकदा बघून हो म्हणू नका. सकाळी बघा, संध्याकाळी बघा. सगळे नळ एकदम सोडा. पाण्याचं मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. मालकाला घर विकायचंय, शेजारणीला काहीच विकायचं नाही. भिंतीला हात लावा. लाज वाटत असेल तर दमून टेकल्यासारखं करा.

आणि जे ठरेल ते लिहून घ्या. माझ्या भावानं घर घेतलं ते सगळं तोंडी. ताबा घ्यायला गेला तर पंखे नाहीत, दिवे नाहीत, पडद्यांचे दांडे नाहीत. जुन्या मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "घर विकलं, पंखे कुठं विकले?" दाराची घंटासुद्धा उपटून नेली होती. वर्षभर त्याच्याकडे आलेली माणसं दारात उभी राहून खोकायची. ही गोष्ट मी धाकटीला हजारदा सांगितली असेल. तिनं घर विकताना काय केलं? काय राहणार, काय जाणार, त्याची यादी केली, दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. यादीत शेवटची ओळ आहे, 'घंटा राहील.' भाऊ माझा, गोष्ट माझी, आणि शहाणपण मिळालं तिला.

माझं हे असंच आहे. तिनं शिलाई मशीन घेतलं, मी दुसऱ्या आठवड्यात घेतलं. मला शिवता येत नाही. तिनं चष्मा लावला, मीही डोळे तपासून घेतले. डोळे चांगले निघाले, फार वाईट वाटलं. मग या वर्षी तिनं नदीपलीकडे लिफ्टच्या इमारतीत घर बघितलं आणि सोमवारी इथल्या फाटकावर 'घर विकणे आहे' अशी पाटी लावली. मंगळवारी माझी पाटी लागली. घरात कुणाला विचारलं नाही. मुलगा संध्याकाळी पाटी वाचून वर आला आणि म्हणाला, "आई, आपण घर विकतोय?" मी म्हटलं, "वाचता येतं ना?"

इथंच चूक झाली, आणि ती तुम्ही करू नये म्हणून पुढचं सगळं सांगते आहे.

पहिली चूक कागदाची. माझ्या घराच्या कागदांवर सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या नवऱ्याचंच नाव होतं. दलालसाहेब म्हणाले, "आजी, त्यांची सही कोण आणणार?" मी म्हटलं, "जिवंतपणी देत नव्हते, आता काय देणार?" तुम्ही हसताय, पण मुलीला परगावाहून बोलवायला लागलं, वारसांच्या सह्या झाल्या, दीड महिना गेला. धाकटीनं तिचा नवरा गेल्यावर वर्षाच्या आत नाव बदलून घेतलं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, काय घाई हिला. शोक आवरला की कागद आवरा, हे मी तिच्याकडे बघून शिकले आणि तिला अजून सांगितलेलं नाही. आता ऐकलंच तिनं.

दुसरी चूक रंगाची. मागच्या खोलीत थोडी ओल येते. मी ओल काढली नाही, वरून रंग लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकलेली ओल कवडीच्या मोलाची. ते जोडपं आलं. बाई रुग्णालयात परिचारिका, नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. आज दोघं दुसऱ्या रांगेत बसलेत, खाली बघू नका, मी वाईट सांगत नाही. घड्याळवाला आत आला, नाक वर केलं आणि म्हणाला, "ताजा रंग दिसतोय." एवढंच. पण चार भिंती सोडून त्यानं नेमका त्याच भिंतीला हात लावला.

मग परिचारिकेनं सरळ विचारलं, "इतकं छान घर, का विकताय?"

माझा मुलगा म्हणाला, "माझी बदली व्हायची शक्यता आहे." सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "कॉलेज लांब पडतं ना मुलीला." नात म्हणाली, "आजीचे गुडघे." मी म्हटलं, "गुडघ्यांना काय धाड भरलीय? या इमारतीतली माणसं चांगली राहिली नाहीत." अध्यक्ष महाराज, मी तुमचं नाव घेतलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर घेतलं असतं.

घड्याळवाल्यानं चौघांकडे एकेकदा बघितलं आणि बायकोला हळूच म्हणाला, "चार माणसं, चार कारणं. पाचवं आहे, ते कुणी सांगत नाहीये."

माझे कान चांगले आहेत. गिऱ्हाईक हातचं चाललं हे मला कळलं. तेव्हा मी काय केलं? मंडळी, हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते नीट ऐका. मी त्यांना म्हटलं, "तळमजल्यावरचंही घर विकायचंय. ते बघून या. अंधार आहे, ओल आहे, बघा म्हणजे माझ्या घराची किंमत कळेल. तोवर चहा टाकते." मी स्वतः पाठवलं. धाकटीनं माझं गिऱ्हाईक जिन्यात गाठलं असं मी महिनाभर दूधवाल्यापासून दंतवैद्यांपर्यंत सगळ्यांना सांगत फिरले. ते खोटं होतं. सभेत सांगितलं की एकेकाला सांगत बसावं लागत नाही, म्हणून इथं सांगते.

चहा झाला, सायही धरली. मी गॅलरीत उभी. तासभर खालून फक्त धाकटीचं हसणं ऐकू येत होतं. ते परत वर आले नाहीत.

खाली काय झालं ते मला पुढे परिचारिकेनं सांगितलं. दार उघडल्या उघडल्या धाकटी त्यांना न्हाणीघराशेजारच्या भिंतीजवळ घेऊन गेली. "आधी हे बघा. इथं ओल यायची. दोन वर्षांपूर्वी काम करून घेतलं, ही पावती, हा मिस्त्रीचा नंबर. तरी कोपऱ्यात थोडी दिसते, हात लावा." का विकताय विचारलं तर म्हणाली, "एकटी आहे. वय होतंय. पुढची वर्षं उजेडात काढीन म्हणते, म्हणून लिफ्टच्या इमारतीत वरचं घर घेतलंय." एक तोंड, एक कारण, तेही खरं. मग गप्प बसली आणि त्यांना घरभर फिरू दिलं. मी तर कपाटं उघडून दाखवत मागं मागं फिरले होते. फरशी मी किती वर्षं कशी घासली तेही सांगितलं होतं. त्या घासण्याचे पैसे कुणी देत नाही, मंडळी. किंमत सांगताना आपली मेहनत आणि आपला राग, दोन्ही त्यातून वजा करा.

पण हे काहीच नाही. परिचारिका पुढे म्हणाली, "आजी, त्या तर आम्हाला वरचंच घ्या म्हणत होत्या. वर उजेड आहे, थोरलीनं घर डोळ्यांत तेल घालून जपलंय, इथं दिवसा दिवा लावावा लागतो, असं अर्धा तास सांगत होत्या. आम्हीच म्हटलं, ज्या बाईनं आधी ओल दाखवली तिचंच घर घेऊ."

आता सांगा, अशा बाईचा हेवा तरी किती करायचा? मी तिला खाली पाडायला माणसं पाठवली आणि ती त्यांना वर पाठवत बसली. चांगुलपणातसुद्धा तिनं मला मागं टाकलं. तिला गुच्छ देताना तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा मीही वाजवल्या, पण हळू.

परवापासून तळमजल्यावर परिचारिका राहील. चांगली बाई आहे, मला काही म्हणायचं नाही. पण एकतीस वर्षं मी जिना उतरायला लागले की पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत खाली कडी निघते. मी आत जाऊन बसते, गुडघे सोडवते, तिच्या पडद्यांना नावं ठेवते आणि मग बाहेरच्या कामाला जाते. परक्या बाईच्या पडद्यांना नावं कशी ठेवायची?

नदीपलीकडच्या त्या इमारतीत धाकटीच्या समोरचंच दार अजून रिकामं आहे. तीन खोल्या, आमच्या सगळ्यांना पुरतील. मुलाला आणि सुनेला मी काल दाखवून आणलं, या वेळी विचारून. दलालसाहेब शनिवारपर्यंत थांबतो म्हणालेत. मी इथं चार लोकांसमोर सांगितलंय, आता त्यांनी फिरू नये. तिला लिफ्ट आणि मला चोपन्न पायऱ्या, हे मी चालवून घेणार नाही. लोकांनी याला हेवा म्हणावं. लोक काय, म्हणतातच.

आवरते. सोसायटीनं हा हॉल दिला, मुलींनी खुर्च्या मांडल्या, दलालसाहेब वेळेवर आले, ही त्यांची पहिलीच वेळ असावी, सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून द्या. खरं असेल तर मात्र सोडू नका. धाकटे, तुझ्याबद्दल महिनाभर जे बोलले ते मागे घेते. पडद्यांचं घेत नाही.

आणि शेवटचं, घरच्यांसाठी. उद्या सकाळी दहाला माझ्याकडे नवं गिऱ्हाईक येतंय, एक शिंपी आणि त्याची बायको. धाकटीचा सामानाचा ट्रक बाराला आहे, तेव्हा तिनं दहाच्या आत पायऱ्या चढून वर यायचं. ओल मी स्वतः दाखवीन, रंग खरवडून ठेवलाय. मग ते विचारतील, घर का विकताय. तेव्हा मुलानं गॅलरीत जायचं, सुनेनं चहाकडे बघायचं, नातीनं मोबाईलमध्ये. मीही तोंड उघडणार नाही. पाचवं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही. पण ती माझ्या चपला ओळखते. उत्तर धाकटीनंच द्यायचं.