डॉलरातला जावई

जून १९६६. कोल्हापूरच्या स्टँडवर पेठ वडगावची गाडी अजून लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर एक बाई आणि तिची लग्नाची भाची बसली होती. मुलीचे वडील बाकासमोर फेऱ्या मारत होते.

"तात्या, बस की जरा. किती येरझाऱ्या घालशील?"

"कसा बसू, अक्का? सुपारी फुटून महिना झाला, आन् काल पावण्यांचा निरोप आला. हुंडा पाच हजारांत भागायचा न्हाय, आठ पायजेत म्हणं."

"का म्हणून?"

"सरकारनं रुपया पाडला. पावणेपाच रुपयांचा डॉलर एका रात्रीत साडेसातला गेला. पोरगं अमेरिकेत, पगार डॉलरात. त्याची किंमत वाढली म्हणत्यात."

"पोरगं तेच हाय न्हवं?"

"तेच."

"पगार?"

"तेवढाच. एक डॉलर वाढला न्हाय."

"मग?"

"मग काय, वडगावात जाऊन हात जोडायचं. ही गाडी का लागंना झालीया?"

"आन् लग्नाआधी रुपया आणखी पडला तर?"

"अभद्र बोलू नको, अक्का. अक्षता पडूस्तवर तरी टिकू दे त्याला."

"ती बघ, लागली गाडी. ऊठ गं कालिंदी, पिशवी घे."

"मी न्हाय येत, आत्या."

"आता हे काय नवीन?"

"तात्या, तुमी बी जाऊ नका. मला नवरा रुपयातलाच बघा."