त्या दुसऱ्यानं काय सांगितलं

नाही नाही, अक्का, तिथं नको, त्या टेबलावर भुसा आहे — इकडं गादीवर ठेवा, आडवा. गवसणी मी काढतो. बसा ना. अब्बा नमाजला गेलेत, असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या, येतील वीस-पंचवीस मिनिटांत — मशीद ही काय, कांदा मंडीच्या मागं, पण परवापासून परत येताना तिथं पायऱ्यांवर बसून राहतात. पूर्वी नव्हते बसत. पूर्वी चप्पल धड पायात नसायची आणि हात कानशीवर असायचा. — हो, कळलं मला. तुमचा भाऊ परवा सांगून गेला. ‘तंबोरा मेल्यासारखा वाजतो’, असंच म्हणाला ना प्रणीत? अब्बांच्या तोंडावर म्हणाला, आणि मोठ्यानं, कारण अब्बांशी मोठ्यानंच बोलावं लागतं. बाहेर लॉरीवरून पोती उतरवणाऱ्या हमालांनीसुद्धा ऐकलं. त्याचा काय दोष, त्याला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा म्हणाला.

आता तसं बघितलं तर हवेचं पण असतं, अक्का. बंगळूरची हवा — तुम्ही इथल्याच, तुम्हाला काय सांगायचं. मिरजेत लाकूड वाळतं, इथं ते स्वल्प ओलं राहतंच. आणि वाद्य जुनं. मावशींचं म्हणालात ना? साठ वर्षांची घोडी, तारांखालचं हे हाड, कधी कधी आतून भुसभुशीत… नाही, असं बघू नका. तुम्ही सभेत विलंबित मधेच थांबवून ती इलेक्ट्रॉनिक डबी लावून गायलात, आणि तुम्हालाच मी हवेचं कारण सांगतोय. बरं. हवा नाही. हाडही चांगलं आहे, सांबरशिंग आहे, अजून चाळीस वर्षं जाईल. चहा सांगू? नको? सरी, राहू दे.

मराठी माझी? चौथीपर्यंत मिरजेत होतो, काकांकडं. मग अब्बांनी बंगळूरला दुकान टाकलं आणि मला पाठवलं उत्तरेत, मदरशात — नऊ वर्षं. सुट्टीत दोनदा आलो असेन. गेल्या रमजानच्या आधी कायमचा आलो. यशवंतपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा, खरं सांगतो, छातीत नुसता उजेड होता. वाटत होतं, घरी जायचं, दुकानातली ही सगळी लाकडं काढायची, भिंतीला चुना मारायचा आणि मंडीतल्या हमालांच्या पोरांना इथं शिकवायला बसायचं. आल्या आल्या त्याच दिवशी अब्बांना सांगितलं. इथंच, तुम्ही बसलाय तिथं ते बसले होते, भोपळ्याला लाख लावत. मी उभा. अब्बा, म्हटलं, वाद्य ऐकणं नाजायज, करणं नाजायज, आणि जे नाजायज त्याची कमाई — मी सगळं पाठ केलं होतं, गाडीत दोन रात्री तेच घोकत आलो होतो. डफ चालतो, ईदला, लग्नात चालतो, ते मान्य. सूफी लोक म्हणतात, नियत बघा, शर्ती बघा. आमचे उस्ताद म्हणायचे, ज्याला शर्ती पाळता येतात त्याला ऐकायची गरज पडत नाही. मला ते फार आवडलेलं वाक्य. अब्बांना ऐकवलं. अब्बा म्हणाले, जरा वळून बोल, या बाजूचा कान गेलाय.

तेव्हा कळलं मला. पत्रात कधी लिहिलं नव्हतं कुणी. एक कान पुरता गेलेला आणि दुसरा अर्धा. लॉरीचा हॉर्न येतो, तुमचं ओरडून बोललेलं येतं. भोपळ्याला हनुवटी टेकवली की थरथर कळते, त्यावरून सुरात आहे की नाही सांगतात. पण जवारी नाही ना कळत तशी. तारेच्या वर जी ती एक बारीक — तुम्ही गाता, मी काय सांगू — तार छेडल्यावर सूर आधी येतो आणि मग त्याच्यातून उघडत उघडत जे येतं, ते त्यांना येत नाही. आणि जवारी काढायची म्हणजे दुसरं काय आहे? घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, खाली सूत सरकवायचं, छेडायचं, ऐकायचं. परत तार उतरवायची. हाडाचा उतार केसभर कमी-जास्त झाला की संपलं. डोळ्यानं दिसतच नाही ते. हात अब्बांचा आहे, अजून तसाच आहे, पण कान कुणाचा?

माझा. तेच सांगतोय. त्या दिवशी माझं भाषण संपल्यावर त्यांनी तार छेडली आणि विचारलं, ‘बोलती क्या?’ एवढंच. घरात आम्ही दखनी बोलतो, गिऱ्हाईक असलं की मराठी, पण हा प्रश्न कायम तसाच. मी नऊ वर्षांचा अभ्यास सांगितला आणि उत्तर काय, तर बोलती क्या. आणि मी ऐकलं आणि म्हणालो, नहीं अब्बा, अजून बंद आहे. कारण बंद होती! मग दोनदा कानस, मग परत बोलती क्या.

मी मनाची समजूत घातली. एक सूर म्हणजे काही संगीत नव्हे. कुंभाराकडून मडकं घेताना वाजवून बघतो तसं हे. म्हातारा बाप आहे, आईबापाची सेवा आहे. सहा महिने, अक्का, अकरा वाद्यं गेली इथून, कुणाची तक्रार नाही. मी भिंतीकडं तोंड करून बसायचो, मनातल्या मनात कुराणाची आयत म्हणायचो, तार वाजली की थांबायचो, ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगायचो, पुन्हा पुढची आयत. हसा, हसा. अब्बा पण हसायचे. म्हणायचे, दोन दुकानं चालवतोस एकाच तोंडानं.

एकदा मी त्यांना एक रिवायत सांगितली, म्हणजे पैगंबरांच्या काळापासून सांगत आलेली हकीकत. मदरशात पहिल्या वर्षी शिकवतात. पैगंबरांचे एक सोबती वाटेनं चालले होते, बरोबर त्यांचा एक माणूस. कुठून तरी गुराख्याची बासरी ऐकू आली. त्यांनी लगेच दोन्ही कानांत बोटं घातली आणि वाट सोडून बाजूनं चालायला लागले. चालता चालता त्या बरोबरच्याला विचारतात, ऐकू येतंय का? तो म्हणतो, येतंय. पुढं जातात. ऐकू येतंय का? येतंय. असं करत करत तो म्हणाला, आता नाही येत. तेव्हा बोटं काढली. आता यावर दोन्हीकडून वाद आहेत. मनाई मानणारे म्हणतात, बघा, बोटं घातली. दुसरे म्हणतात, पण बरोबरच्याला कुठं घालायला लावली? आणि कुणी म्हणतं, रिवायतच कच्ची आहे. आम्ही यावर आठ-आठ दिवस भांडलोय, जेवायचं विसरून. अब्बांनी सगळं नीट ऐकलं, माझ्या ओठांकडं बघत. मग म्हणाले, माझ्या कानांत तर अल्लानंच बोटं घातली, माझ्यापुरता तुझा मसला मिटला. आणि परत कानस उचलली, आणि खाली बघूनच म्हणाले — पण त्या दुसऱ्याचं काय रे? म्हटलं, दुसऱ्याचं काय? म्हणाले, त्यानं काय सांगितलं? म्हटलं, सांगितलं की तेच, येत होतं तोवर येतंय म्हणाला, थांबल्यावर नाही म्हणाला. ‘हां,’ म्हणाले. बस, तेवढंच. मला वाटलं म्हातारा माणूस, मुद्दा कळला नाही.

मुद्दा मला कळला नव्हता, अक्का. नऊ वर्षांत कुणी तो प्रश्न परीक्षेत विचारला नाही.

तुमचा तंबोरा — आता सांगतोच. गुरुवार होता. हीच वेळ. घोडी अब्बांनी दुपारपासून घेतली होती. खर्जाची तार चढवली, सूत सरकवलं, छेडली. आणि… तुम्हाला माहीतच आहे ना, मावशी वाजवायच्या तेव्हा तुम्ही बाजूला बसत असाल. मला नाही सांगता येत. मी लहान असताना मिरजेत काकांच्या कारखान्यात झोपायचो, लाकडाच्या भुशावर, आणि ते लोक तारा लावत असायचे, आणि झोप लागायची ती त्याच्यातच. ते सगळं एकदम आलं. आयत म्हणत होतो ती कुठं राहिली ते आठवेना. अब्बा जोडाची तार छेडत होते, मग पंचम, मग परत खर्ज, आणि मी भिंतीकडं तोंड करून बसलेला, आणि किती वेळ गेला कळलं नाही, आणि एकदम कानावर आलं ते अजानचं शेवटचं वाक्य. शेवटचं. म्हणजे आख्खी अजान होऊन गेली होती. भोंगा या खिडकीसमोर आहे, बघा, हा. मला ऐकूच आली नव्हती. अब्बांना येत नाही, ते घड्याळ बघून जातात. मला येते ना!

घाबरलो मी. आम्हाला हेच तर शिकवलं होतं — वाद्य अल्लाचा विसर पाडतं. आणि तेव्हाच अब्बांनी विचारलं, बोलती क्या?

आणि मी म्हणालो, नाही.

हवा नाही, हाड नाही, अब्बांचा हात नाही. मी. ते बोलत होतं, अक्का. ‘हो’ म्हटलं असतं तर… कबूल केल्यासारखं झालं असतं की मी ऐकलं. तपासलं नाही, ऐकलं. म्हणून नाही म्हणालो. त्यांनी दोनदा कानस मारली. बोलती क्या? नाही. परत. बोलती क्या? आणि तेव्हा खरंच गेलं होतं, घोडी सपाट झाली होती, नुसतं टक टक, आणि मी म्हणालो, हो अब्बा, झालं आता. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, गवसणी बांधली. शुक्रवारी प्रणीत घेऊन गेला.

वाद्याबद्दल मतभेद आहेत, किताबांनी कपाटं भरलीत. खोट्या साक्षीबद्दल एक ओळ मतभेद नाही. कुणाचाच नाही. हे मी पोरांना शिकवणार होतो.

मी अजूनही म्हणतो, ऐकू नये. म्हणजे — उद्या विचारलंत तरी बहुतेक तेच म्हणेन. थकलोय हो, रोज रात्री तेच उलटंपालटं करतो. पण ते आता बाजूला. तुम्ही आत आलात तेव्हा ते कापडाचं गाठोडं बघितलंत? त्या फळीवर. परवा प्रणीत गेल्यावर अब्बांनी सगळ्या कानशी पुसल्या, तेल लावलं आणि बांधून ठेवल्या. म्हणाले, हात गेला माझा. कान गेला तेव्हा नव्हते म्हणाले असं काही. म्हणाले, आता तू म्हणतोस तसा चुना मारून घे, पोरं बसव. मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं बघा, एका शब्दात. ब्रशसुद्धा आणून दिला त्यांनी. तो काय, दाराशी, अजून कागदात आहे.

तुम्हाला आधी का सांगितलं? माहीत नाही. तुमच्याशी बोलून बघत होतो, बहुतेक — तोंडातून निघतं का ते. ओरडून सांगावं लागणार ना. हमाल ऐकणार.

ते आले बघा. चप्पल काढतायत. नाही, तुम्ही काही बोलू नका, पाया पडतो — नमस्कार करा फक्त. रविवारी सकाळी या, तंबोरा तयार असेल, आणि नेताना इथंच छेडून बघा, माझ्यासमोर. ते फळीवरचं गाठोडं द्या जरा इकडं. सोडतो मी.

अब्बा, या. बसा. हो, अक्का आल्यात, तंबोरा आणलाय. नाही, राहू दे ते, आधी बसा. इकडं, माझ्या तोंडाकडं बघा. अब्बा — गुरुवारी — तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ना? पहिल्यांदा! — तेव्हाच बोलत होती.

अक्का, निघा तुम्ही. दार ओढून घ्या.