डबल बेल

(मुखेड. दुपार. निवृत्त एसटी ड्रायव्हर ग्यानोबा पलंगावर, छातीला ठोक्यांची रेघ काढणाऱ्या यंत्राच्या तीन वायरी. शेजारी त्यांची मुलगी पंचशीला, नांदेडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी; यंत्र तिनंच बनवलेलं.)

ग्यानोबा : आता श्वास तरी घेऊ, का तोबी बंद?

पंचशीला : घ्या. फक्त हलू नका.

ग्यानोबा : पंखा बंद, टीव्ही बंद, तुझा मोबाईल अंगणात. घरात आवाज करणारा मी एकटाच राहिलो.

पंचशीला : तुम्ही नाही, आबा. पडद्यावर रेघ बघा, बाभळीच्या फांदीसारखी. ही खरखर माझ्याच यंत्राची.

ग्यानोबा : मग झालं. रविवारच्या बाजारात चक्कर आली ती उन्हानं. दवाखाना न्हाई.

पंचशीला : ठरलं काय होतं? यंत्र शांत झालं की ते सांगेल ते ऐकायचं.

ग्यानोबा : हाव. शांत झालं तर. बडबड्याचं ऐकत नसतो मी. लई कंडक्टर पाहिले.

पंचशीला : ही मोकळी जागा दिसते? इथं एक ठोका गळालाय.

ग्यानोबा : बेल दिली नसंल.

पंचशीला : कोणी?

ग्यानोबा : कंडक्टरनं. डबल बेल आल्याबिगर गाडी हलवायची न्हाई. त्यात गाडीचा काय दोष?

पंचशीला : छातीतही बेल असते, आबा. दर ठोक्याआधी एक बारीक उंचवटा. इथं तो आला की नाही, तेच ह्या खरखरीमुळं कळत नाही.

ग्यानोबा : न्हाईच आला. झोपू मी?

पंचशीला : छातीतला विजेचा बारीक आवाज ही चिप हजारपट मोठा करते. पण तिचा स्वतःचाही थोडा आवाज असतो, तोही मोठा होतो. त्यात आमच्या कॉलेजचे शरणप्पा सर म्हणाले, यंत्र वाडीवस्तीवर आशा सेविकांकडे जाणार, सेल महिनाभर पुरला पाहिजे. म्हणून मी सगळ्यात कमी करंट खाणारी चिप घेतली. रेझिस्टरही मोठमोठे.

ग्यानोबा : म्हणजे उपाशी ठेवली.

पंचशीला : अर्धपोटी. आणि जितका करंट कमी, तितकी ती जास्त खरखरते. दिवसभर चालू असते बिचारी.

ग्यानोबा : दिवसभर? कशापायी?

पंचशीला : बटण दाबलं की लगेच रेघ यावी म्हणून.

ग्यानोबा : अगं पंचे, हदगावच्या स्टँडला गाडी लागली की इंजिन बंद अन् मीबी बंद. तोंडावर टॉवेल. चाक फिरताना मात्र डोळा मिटला न्हाई कंदी. तू ह्या चिपीला दिवसभर अर्ध्या झोपेत गाडी हाकायला लावून राहिलीस. बरळंल न्हाई तर काय करंल?

पंचशीला : थांबा. (यंत्राचं झाकण काढते.)

ग्यानोबा : काय झालं?

पंचशीला : काही नाही. सोल्डरिंग आयर्न कुठं ठेवलं मी?

ग्यानोबा : तुझ्या आईच्या मिसरीच्या डबीपाशी. डबी जागेवर ठेव मागून, न्हाईतर ती मला बोलंल...

पंचशीला : झोपा तुम्ही.

(तासाभरानं.)

पंचशीला : आबा, उठा. म्हणजे उठू नका. नुसते जागे व्हा.

ग्यानोबा : हदगावच्या रस्त्याला होतो गं. दोन्ही बाजूला फुटलेला कापूस, पार आभाळापत्तर. गाडी कशी पाण्यावर चालल्यावानी. अन् चालवतंय कोण, तर मी न्हाई.

पंचशीला : मग कोण?

ग्यानोबा : ते बघायला वळलो, तर तू उठवलंस.

पंचशीला : दुसरी चिप लावली, पोटभर करंट खाणारी. रेझिस्टर लहान केले. आता ती अर्धं मिनिट पूर्ण जागी. रेघ निघाली की पूर्ण बंद. दिवसाला वीस माणसं तपासली तरी सेल महिना काढेल. करू सुरू?

ग्यानोबा : हाव. दे बेल.

पंचशीला : (पडद्याजवळ वाकून बघते.)

ग्यानोबा : काय झालं? बिघडलं?

पंचशीला : नाही. एकदम शांत आहे. ठोक्याठोक्यामध्ये ताणलेल्या दोरीसारखी सरळ रेघ.

ग्यानोबा : मग तोंड असं का?

पंचशीला : ह्या ठोक्याआधी उंचवटा. ह्याच्याआधीही. ह्याच्याही.

ग्यानोबा : अन् मोकळ्या जागी?

पंचशीला : तुम्हीच बघा.

ग्यानोबा : चष्मा दे... हं. बेल वाजली.

पंचशीला : वाजली.

ग्यानोबा : अन् गाडी हलली न्हाई.

पंचशीला : नाही, आबा.

ग्यानोबा : तीस वर्सांत असं झालं न्हाई.

पंचशीला : उद्या सकाळच्या गाडीनं नांदेड. ही रेघ डॉक्टरांना दाखवायची.

ग्यानोबा : हाव. बोललो ते बोललो. पण एक हाय.

पंचशीला : काय?

ग्यानोबा : खिडकीची जागा मला.