पाणबुड्याचं घड्याळ

शहात्तर साल. सोलापूर स्टँडवर मोहोळच्या गाडीसाठी रांग लागली होती. माझ्या पुढं एक जोडपं उभं होतं. नवरा सारखं आपलं मोकळं मनगट चोळत होता.

“हिरीवर धुणं धुवायला जाताना माझं घड्याळ कशाला न्यायचं, गोजर? पाडलंस ना आत?”

“येळ बघायला नेलं.”

“घरात पंधरा घड्याळं हायत. नेमकं त्येच? आरमारातल्या पाणबुड्याचं घड्याळ हाय ते! तसलं आख्ख्या जिल्ह्यात दुसरं न्हाय.”

“सहाशे फूट पाण्यात चालतंय म्हणता की. आपली हीर चाळीस फूट.”

“चालतंय गं. पण काढायचं कुणी?”

“तुमी पवायला शिकला असता तर...”

“हेच! हेच तुझा भाऊ चारचौघांत बोलला. पवता येत न्हाय आन् पाणबुड्याचं घड्याळ मिरवतंय म्हणून हसला. तीन वर्सं त्याची पायरी चढलो न्हाय मी.”

“आता चढताय की. जोतीरामसारखी बुडी मारणारा दुसरा हाय का कोण?”

“गेल्या गेल्या कामाचं तेवढं बोलायचं. जेवायचं न्हाय.”

“आसं कसं? वयनीनं पुरण शिजवलं आसंल. त्यो बी सकाळधरनं वाट बघत आसंल.”

“आपण येणार ते त्याला कुणी सांगितलं?”

“मी गेल्या आठवड्यातच कार्ड टाकलंय न्हवं.”

“गेल्या आठवड्यात? आगं, घड्याळ तर काल पडलं!”

“पिशवी धरा. गाडी लागली.”