वसंतकाकांचं कलम अजून तोडू नका

सुमनकाकू, नितीन, भाऊकाका, आणि मुरुडहून, बुरोंडीहून, पार दापोलीहून आलेल्या तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

ज्या शेडमध्ये आपण मातीच्या पिशव्या भरायचो तिथे आज सतरंज्या टाकल्यात. कुठे उभं राहावं तेच कळत नाही. काका असते तर म्हणाले असते, "मेल्या, पहिला एका जागी उभा रहा." ते मला कधी जमलं नाही. मी इम्तियाज, बुरोंडीचा. आठवीत शाळा सोडली, काकांच्या या नर्सरीत पिशव्या भरल्या, मग मुंबई, मग शारजा. बहिणीच्या लग्नाला रजेवर आलो म्हणून आज इथे आहे. काय बोलायचं ते लिहून आणलंय, पण आठवीतलं अक्षर, माझं मलाच लागत नाही.

गुरुवारी माझं विमान आहे. त्याच्या आधी मला एक बोलायचंय. शोकसभेत ते बोलतात की नाही, माहीत नाही. चुकलं तर काकू, तुम्ही मला गप्प करा.

काका किती प्रेमळ होते ते सगळ्यांनी सांगितलं. मी त्यांचा संशयी स्वभाव सांगतो. काका फार संशयी. कोणी नवीन खत आणलं की आधी एका झाडाला घालून बघणार. मला दुकानात पाठवलं की परत आल्यावर सुटे मोजणार. मी म्हणायचो, "काका, माझ्यावर भरवसा नाय?" तर म्हणायचे, "तुझ्यावर आहे रे. तुझ्या खिशाच्या भोकावर नाय."

गेल्या मे महिन्यात वीज कडाडली, टेलिफोनच्या तारेतून आत आली आणि ऑफिसातला कॉम्प्युटर जळला. तुम्हाला आठवत असेल. कोणाची किती कलमं राखून ठेवलीत, कुठलं कलम कुठल्या झाडावरचं, सगळं त्यात. दुरुस्तीवाल्याने तो परत चालू करून बरंचसं काढून दिलं, सगळं नाही. त्या जूनमध्ये टेम्पो घेऊन माणसं दारात यायची आणि काका हात जोडून विचारायचे, तुम्ही काय सांगितलं होतंत? ज्या माणसाने कधी कोणाची एक काडी चुकवली नाही, तो हात जोडत होता.

तेव्हा मी शारजाहून फोनवर म्हटलं, काका, आमच्या कंपनीत माल कुठे आहे ते आता ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नसतंच. दुसऱ्या कंपनीचे मोठे कॉम्प्युटर असतात लांब कुठेतरी. आपण भाड्याने जागा घ्यायची, इंटरनेटवरून बघायचं. इथे वीज पडो नाहीतर आग लागो, तिकडचं जागेवर राहतं. त्याला क्लाऊड म्हणतात. ढग.

काका हसले. "कोकणातल्या माणसाला ढगावर भरवसा ठेवायला सांगतोस? आमच्याकडे ढग येतो तो रिकामा होऊनच जातो. तुझा ढग माझी गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या अंगणात ओतून गेला तर?"

मी ते हसण्यावारी नेलं. काका मात्र प्रश्न सोडून देणारे नव्हते. दर जुम्म्याला, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी, फोन. दार कोणाच्या ताब्यात? चावी कितीजणांकडे? भाड्याची जागा सोडायची म्हटली तर माझं सामान परत देतील का, आणि मला उघडता येईल अशा रूपात देतील का? इथलं नेट गेलं तर टेम्पोवाल्याला काय सांगू, ढग हटेपर्यंत थांब? मी आमच्या ऑफिसातल्या साहेबांना विचारून सांगायचो. साहेब म्हणायचे, तुझे काका कुठल्या कंपनीत आहेत? मी सांगायचो, आंब्याच्या.

दिवाळीनंतर काकांनी सुरुवात केली. कशी केली ते आज नीट ऐका, माझी विनंती आहे.

भेटकलम कसं बांधतात ते इथे कोणाला सांगायला नको. पण पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. आंब्याचं रोप पिशवीसकट मोठ्या झाडाच्या फांदीला टेकवतात. दोघांची साल तासतात आणि एकमेकांना बांधून ठेवतात. फांदी आई झाडावरच असते, रोप आपल्या मुळावर. दोन्हीकडून रस चालू. सांधा धरला असं वाटलं तरी फांदी एकदम तोडत नाहीत. आधी अर्धा छेद. मग थांबायचं. पान मलूल झालं नाही, तरच पुरता छेद.

काका म्हणाले, "तुझा तो ढग मी भेटकलमासारखा बांधणार."

आणि बांधला. आधी फक्त गिऱ्हाइकांची नावं आणि गावं वर, ढगात टाकली. ती हरवली असती तरी काकूंच्या तोंडपाठ होती. मग या हंगामाचं बुकिंग. तेही दोन्हीकडे लिहायचे, वर आणि जुन्या कॉम्प्युटरवर. नितीन चिडायचा, "बाबा, डबल काम कशाला?" काका म्हणायचे, "रोपाला पण डबल काम पडतंच ना." रोज सकाळी त्या दिवसाचा कागद छापून खिळ्याला लावायचे, नेट गेलं तरी चालावं म्हणून. एकदा टाकलेलं सगळं परत खाली उतरवून घेतलं, नुसतं येतंय का बघायला. पासवर्ड काकूंनाही दिला. काकू म्हणाल्या, मला काय कळतंय त्यातलं. तर म्हणाले, "कपाटाची चावी तुझ्याकडे असते, ती काय कपाट बनवता येतं म्हणून?" मग रोज दुपारी काकूंना समोर बसवून एक तरी नाव त्यांच्याकडून लिहून घ्यायचे.

एकच गोष्ट त्यांनी शेवटाला ठेवली. कुठलं कलम कुठल्या आई झाडावरचं, ती नोंद. ती वर चढवायला घेतली होती, अर्धी झाली होती. आणि छातीत कळ आली. दापोलीला पोचेपर्यंत खेळ संपला होता.

आता मला भीती वाटते ती सांगतो.

परवा घराच्या ओटीवर दोन बोलणी ऐकली. भाऊकाका म्हणाले, बंद करा ते सगळं, वही बरी. नितीन म्हणाला, मी पुण्याहून किती वेळा येऊ, सभेच्या दुसऱ्या दिवशी माणूस बोलावलाय, राहिलेलं एका दिवसात वर टाकतो आणि हा जुना डबा पुसून भंगारात देतो.

नितीन, तू शिकलेला आहेस, मी नाही. पण हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या कंपनीने एका शुक्रवारी सगळं एकदम बदललं आणि जुनं बंद केलं. शनिवारी गोदामात खोके होते आणि कुठला खोका कोणाचा ते कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही हेल्पर लोक खोके फोडून आत बघत होतो. पण खोका फोडून बघता तरी येतो. कलम फोडून काय दिसणार? हापूस सांगून दुसरंच गेलं तर ते कधी कळेल? झाड फळाला येईल तेव्हा. कोणीतरी बिचारा पाच-सहा वर्षं पाणी घालेल आणि मग आपल्या दारात येईल. तेव्हा हात जोडायला काका नसतील. काकू असतील.

भाऊकाका, तुमचंही ऐकलं. पण बुकिंगचं कलम धरलंय. ते उपटू नका. वही पण जळते, भिजते, वाळवी खाते.

आणि नितीन, राहिलेलं जरूर वर टाक. पण हळू टाक. काकांबरोबर कलमं बांधणाऱ्या शंकरआबांना, त्यांनी हाताने बांधलेल्या प्रत्येक कलमाच्या झाडाखाली नेऊन, विचारून टाक. पुढच्या महिन्यात कलमांची उचल सुरू होईल, टेम्पो दारात लागतील. हा एक हंगाम दोन्ही चालू दे. मग एखाद्या सुस्त दिवशी जुन्यावर कापड टाकून नुसत्या नव्यावर काम करून बघ. तो तुझा अर्धा छेद. त्या दिवशी मला फोन कर, मी शारजात जागा असेन.

मी कोण सांगणारा? मी तर कुठेच टिकलो नाही. काका म्हणायचे, "तुला आम्ही तोडला लवकर, म्हणून तू असा भिरभिरतोस." हसत म्हणायचे. मी पण हसायचो.

नितीन, तू काहीच बोलू नकोस आत्ता. मी बोलायला लावणार नाही. उद्या येणाऱ्या माणसाला फोन करायचा की नाही, ते तू आणि काकू ठरवा.

फक्त एक आठवतं ते सांगून बसतो. अर्धा छेद दिला की काका कात्री खिशात टाकायचे आणि त्या पानासमोर उभे राहायचे. आम्ही काही विचारलं तर बोट ओठावर. पान खाली वाकतंय का, एवढंच बघायचे. कितीतरी वेळ.

समोर ते आंब्याचं आई झाड आहे. त्याच्या फांद्यांवर त्यांनी स्वतः बांधलेली काही कलमं अजून तशीच आहेत. उठा सगळे. तिकडे तोंड करू या. काका जसे उभे राहायचे, तसे थोडा वेळ काही न बोलता उभे राहू या.